कॅंटिलिव्हर तुळईचा वाक : कारणे आणि उपाय

घराचा सज्जा, खिडकीवरील छज्जा, बसथांब्याचे छत या सर्वांच्या रचनेमागील तत्त्व एकच आहे. तुळईचे एक टोक पक्के जखडलेले असते व दुसरे अधांतरी असते. अशा तुळईस कॅंटिलिव्हर तुळई म्हणतात. लांबी, छेद व सर्वत्र सारखा पसरलेला भार तोच ठेवला, तर दोन्ही टोकांना टेकलेल्या साध्या तुळईपेक्षा ही तुळई साडेनऊ पटींहून अधिक वाकते. म्हणूनच तिच्या बाबतीत विशेष दक्षता घ्यावी लागते.

लांबी आणि जाडी

टोकावर भार असता वाक लांबीच्या घनाच्या प्रमाणात वाढतो. दीड मीटरचा सज्जा १.२ मीटरचा केला, तर तेवढ्याच भाराने येणारा वाक जवळजवळ निम्मा होतो. सर्वांत स्वस्त उपाय तो हाच.

दुसरा उपाय जाडीचा. तुळईची रुंदी दुप्पट केल्यास वाक निम्मा होतो. परंतु उंची दुप्पट केल्यास तो एक-अष्टमांशावर येतो. तथापि सिमेंट काँक्रीटची तुळई जाड केल्याने तिचे स्वतःचे वजनही वाढते. यास्तव ती आधाराशी जाड व टोकाकडे निमुळती करतात. भारतीय मानक ४५६ (सन २०००) प्रमाणे कॅंटिलिव्हरची लांबी व परिणामी जाडी यांचे मूळ प्रमाण ७ आहे. साध्या तुळईसाठी ते २० आहे. सळयांच्या प्रमाणानुसार यात फेरफार केला जातो.

काँक्रीटची प्रत वाढवून मात्र फारसा लाभ होत नाही. एम २० ऐवजी एम २५ वापरल्यास ताठरपणा सुमारे १२ टक्केच वाढतो.

भाराची जागा

टोकावरील भार लांबीच्या मध्यावर आणल्यास टोकाचा वाक एक-तृतीयांशाहूनही कमी होतो. सज्ज्याच्या कडेला विटांचा जड कठडा बांधण्याऐवजी हलके लोखंडी गज लावावेत, पाण्याची टाकी वा मोठ्या कुंड्या भिंतीलगत ठेवाव्यात, असे सांगण्यामागील कारण हेच होय.

सळयांचे स्थान

कॅंटिलिव्हरमध्ये ताण वरच्या बाजूस येतो. म्हणून मुख्य सळया वरच्या बाजूस हव्यात व त्या आधाराच्या आत पुरेशा लांबीपर्यंत नेलेल्या हव्यात. काँक्रीट ओतताना मजुरांच्या पायांखाली त्या दबून खाली गेल्या, तर सज्जा नुसता वाकत नाही, कोसळूही शकतो. सळया जागच्या जागी राहण्यासाठी त्यांखाली लोखंडी खुर्च्या बसवाव्यात आणि काँक्रीट ओतण्यापूर्वी व ओततानाही त्यांची पाहणी करावी.

काळाचा परिणाम

सतत भाराखालील काँक्रीट वर्षानुवर्षे हळूहळू वाकत राहते. अमेरिकेतील पेनसिल्व्हेनिया राज्यात फ्रँक लॉइड राइट यांनी उभारलेले ‘फॉलिंगवॉटर’ हे घर याचे बोधप्रद उदाहरण आहे. ओढ्यावर सुमारे १५ फूट पुढे आलेला त्याचा सज्जा साचा काढताच पावणेदोन इंच खाली आला आणि पुढे हा वाक सुमारे सात इंचांवर गेला. अखेर २००२ साली पोलादी तारा ताणून त्यास बळकटी देण्यात आली. खालच्या बाजूसही सळया घालणे, काँक्रीटवर पुरेसे दिवस पाणी मारणे व टेकू काढण्याची घाई न करणे, या उपायांनी हा वाक आटोक्यात राहतो.

टेकू देताना

टोकाखाली पक्का आधार दिल्यास पसरलेल्या भाराचा सर्वाधिक वाक तेविसाव्या भागाइतकाच उरतो. परंतु मग मधल्या भागात ताण खालच्या बाजूस येतो. तेथे सळया नसतील, तर नव्या भेगा पडतात. म्हणून वाकलेल्या सज्ज्याखाली परस्पर कायमचा खांब उभा करू नये. प्रथम त्यावरील भार व वावर बंद करावा आणि तज्ज्ञ अभियंत्याकडून तपासणी करून घ्यावी. आधाराजवळ वरच्या बाजूस दिसणारी भेग ही धोक्याची पहिली सूचना होय. गिलावा करून ती झाकणे म्हणजे संकट लपविणे आहे.