आधी गाल, मग स्कोप

बालेवाडीच्या शिवछत्रपती क्रीडा संकुलात, दहा मीटरच्या रेंजवर उभ्या असलेल्या स्पर्धकांच्या रायफलींवर दुर्बीण, म्हणजे स्कोप, दिसत नाही. ऑलिंपिकच्या रायफल प्रकारांत ती चालत नाही. तिथे बारीक छिद्रातून बघायची पीप साइट असते. कोल्हापूरच्या कांबळवाडीच्या स्वप्नील कुसळेने १ ऑगस्ट २०२४ला पॅरिसमध्ये पन्नास मीटरचं ब्राँझ मिळवलं, तेही तशाच साइटवर. स्कोप येतो तो हौसेने कागदी टार्गेटवर नेम धरणाऱ्यांच्या एअर रायफलीवर. मी भोसरीच्या टूलरूममधला माणूस. चाकण-तळवड्याचे मित्र सुट्टीच्या दिवशी रायफल आणि नवा स्कोप घेऊन माझ्याकडे येतात. त्या कामातून पक्कं झालेलं सांगतो.

१. रायफल रिकामी आहे, हे हातात घेणाऱ्याने स्वतः बघायचं. आणणारा सख्खा भाऊ असला तरी.

२. उंची गाल ठरवतो. रायफल खांद्याला लावा, डोळे मिटा, गाल दस्त्यावर आपसूक टेकू द्या आणि मग डोळे उघडा. स्कोपमध्ये पूर्ण गोल, स्वच्छ चित्र दिसलं पाहिजे. कडेला काळी कोर दिसली, ती घालवायला मान उचलावी लागली, तर स्कोप उंच आहे. गाल दाबून खाली न्यावा लागला, तर बुटका. मान ताणून धरलेली माणसं सुरुवातीचे छर्रे छान मारतात, मग नेम पसरायला लागतो आणि दोष स्कोपला जातो. थ्री पोझिशनचे नेमबाज गुडघ्यावर, पालथं आणि उभं राहून मारतात. प्रत्येक वेळी डोकं वेगळं बसतं, म्हणून ते गालपट्टीची उंची आणि साइट त्या-त्या स्थितीला जुळवून घेतात. डोक्याने साइटकडे जायचं नाही, साइट डोळ्यापाशी आणायची, ही त्यांची शिस्त स्कोपवाल्यांनी जशीच्या तशी उचलावी.

३. स्कोप धरून ठेवणाऱ्या रिंगा अंदाजाने घेऊ नका, व्हर्नियर लावा. स्कोपच्या पुढच्या तोंडाचा बाहेरचा व्यास समजा ४८ मिलिमीटर भरला. त्याचा निम्मा २४. म्हणजे तोंडाखाली रायफलीच्या नळीचा जो भाग येतो, त्याच्या वरच्या कडेपासून स्कोपचा मध्य २४ पेक्षा जास्त उंचीवर हवा. वर दोन-तीन मिलिमीटर फट पुरे. फिलर गेज सगळीकडून फिरवून बघा. लेन्सचं झाकण बसतंय का, तेही बघा. मोडून भरायच्या रायफलीत छर्रा घालताना बोटं स्कोपला अडतात का, हे मी नेहमी प्रत्यक्ष भरून तपासतो. गरजेपेक्षा उंच रिंगा मात्र टाळा: स्कोप नळीपासून जितका वर, तितका जवळच्या अंतरावर नेमाचा फरक मोठा आणि रायफल कलली तर चूकही मोठी.

४. डोळा आणि मागची काच यांत साधारण ७५ ते १०० मिलिमीटर अंतर लागतं. स्कोपची शक्ती पूर्ण वाढवून, नेहमीचे कपडे घालून, ज्या स्थितीत जास्त मारता त्याच स्थितीत तो पुढे-मागे सरकवा. टेबलावर जुळवलेला स्कोप उभं राहिल्यावर बऱ्याचदा जुळत नाही, कारण टेबलाशी डोकं पुढे झुकतं.

५. स्कोपमधली आडवी-उभी रेष डोळ्याने सरळ करू नये. दहा मीटरवर दोऱ्याला जड नट बांधून ओळंबा सोडा, रायफल लेव्हलवर धरा आणि उभी रेष दोऱ्याला मिळवा.

६. डाय कसणारा हात इथे आवरावा लागतो. रिंगांच्या स्क्रूंना साधारण दोन न्यूटन-मीटर पुरतात. बनवणाऱ्याने आकडा दिला असेल तर तोच धरा. स्क्रू तिरप्या क्रमाने, थोडे-थोडे आवळा. दोन्ही बाजूंची फट सारखी राहिली पाहिजे, नाहीतर स्कोपची पातळ ट्यूब दबते. स्प्रिंगची रायफल आधी मागे आणि लगेच पुढे असा दुहेरी झटका देते. त्यासाठी बनवलेला स्कोप नसेल, तर आतली भिंगं सैल होतात. शिवाय रायफलीवरच्या ११ मिलिमीटरच्या खाचेत बसवलेला रिंगांचा माउंट त्या झटक्यांनी हळूहळू मागे सरकतो. रायफलीला खड्डा असेल तिथे त्याची स्टॉप पिन बसवाच, नाहीतर मागे वेगळा स्टॉप लावा.

७. सगळं जुळूनही मान दुखत असेल, तर दस्त्याकडे बघा. दस्ता बुटका असेल तर वर चामड्याची गालपट्टी चढवा. बहुतेक वेळा तेवढ्यानेच काम होतं. दस्ता लांब असेल, आणि आठवी-नववीतल्या मुलामुलींच्या हाती मोठ्यांची रायफल दिली की तो लांबच असतो, तर स्कोप मागे ओढून भागवू नका. खांदा पुढे येतो, पाठ वाकते आणि तीच सवय अंगात बसते. त्यांच्यासाठी आखूड दस्ता करून घ्या. टूलरूमला नाही, पण सुताराला ते जमतं.