दोन दिवसांत शिमला : आखणीचा धडा

आई, बाबा आणि आजी भेटायला येणार आहेत. हाती दोनच दिवस आहेत, म्हणून मी आधीच आखणी केली.

पहिला दिवस : कालका-शिमला रेल्वे १९०३ साली सुरू झाली आणि २००८ पासून ती जागतिक वारसा यादीत आहे. ९६ किलोमीटरला पाच तासांच्या आसपास लागतात. म्हणून त्या दिवशी फक्त रिज आणि मॉल रोड.

कपडे : कालका सुमारे ६५० मीटरवर, शिमला सुमारे २,१०० मीटरवर. दर १,००० मीटरला तापमान साधारण ६.५ अंशांनी उतरते. म्हणजे फरक सुमारे ९ अंशांचा! स्वेटर हाताशीच ठेवावेत.

दुसरा दिवस : जाखू टेकडी आणि देवदारांचे जंगल. रिजपासून चढ अंदाजे २५० मीटर. नेस्मिथच्या नियमानुसार दर १०० मीटर चढाला चालण्याच्या वेळेत १० मिनिटे वाढवायची, म्हणजे २५ मिनिटे जास्त. पण हा नियम धडधाकट माणसासाठी आहे. आजीचे गुडघे दुखतात, म्हणून ती आणि आई रोपवेने जातील. बाबा आणि मी पायी. वर माकडे फार आहेत. खाऊ आणि चष्मा सांभाळावा.

मित्रांनो, तुकडीचा वेग सर्वांत मागच्या गड्यावरून ठरतो. घरच्यांची सहल आखतानाही हेच लक्षात ठेवा.