थुंकला, पण चाखलं ना त्यानं!

लेक अडीच वर्षांचा होता तेव्हा मी त्याचे घास मोजायची. हातात वरणभाताची वाटी, समोर मोबाईल. तोंड उघडलं की घास आत. "एवढी मेथी संपव, मग चॉकलेट," हे रोजचंच. मेथी ही शिक्षा आणि चॉकलेट हे बक्षीस, असं मीच त्याला शिकवत होते. जेवला नाही तर उपाशी राहील या धास्तीनं दुधाची बाटली आणि बिस्किटं. दिवसाला लिटरभर दूध सहज जायचं. रावेर-यावलची केळी देशभर जातात, आणि मी जळगावात राहून पोराला पुड्यातली बिस्किटं चारली. त्याचं मला आजही वाईट वाटतं.

तो फिकट दिसू लागला, जिना चढताना "उचल" म्हणू लागला. हिमोग्लोबिन ८.४ निघालं, या वयात ते किमान ११ हवं. डॉक्टरांनी आधी दूध किती पितो ते विचारलं. दुधात लोह अगदी थोडं. त्यानंच पोट भरलं की जेवणाला जागा उरत नाही, शिवाय त्यातलं कॅल्शियम लोह अंगी लागू देत नाही. बाटली बंद झाली, दूध दोन कपांवर आलं, लोहाचं औषध काही महिने चाललं. रक्त सुधारलं. जेवणाची नावड मात्र तशीच.

त्या हिवाळ्यात माहेरी गेलो, धुळे जिल्ह्यात, शिरपूरकडे. शेतात भरिताचा बेत होता. कपाशीच्या काड्यांच्या जाळावर वांगी भाजत होती, भाचरं साली सोलायला बसली होती. हाही त्यांच्यात घुसला, काळ्या हातांनी बोटभर भरीत तोंडात घातलं आणि थुंकून टाकलं. मी ओरडणार, तेवढ्यात माय म्हणाली, "राहू दे गं. थुंकला, पण चाखलं ना त्यानं!"

मी गप्प बसले. थोड्या वेळानं त्यानं पुन्हा बोट घातलं.

नवी चव ओळखीची व्हायला लहान मुलांना आठ-दहा वेळा, कधी पंधरा वेळाही चाखावी लागते. मी दुसऱ्या नकारालाच "याला आवडत नाही" असं ठरवून मोकळी व्हायची. आता ताटात काय आणि जेवण किती वाजता, हे मी ठरवते. किती खायचं ते तो. जेवताना मोबाईल नाही, बक्षीस नाही, आणि सगळे एकाच पंगतीला. हे शेवटचं सगळ्यांत महत्त्वाचं, कारण मूल आपल्या ताटाकडे बघूनच शिकतं.

आपल्या खान्देशी घरांत एक अडचण असते, ती म्हणजे तिखट. मुलाचा वाटा वेगळा शिजवू नका. मिरची घालण्याआधी त्याच भाजीतून, त्याच भरितातून बाजूला काढा. कळण्याची भाकरी ज्वारी-उडदाची, मऊ करून तुपासोबत द्या. पालेभाजीवर लिंबू पिळा, त्यानं लोह चांगलं शोषलं जातं. जेवणाबरोबर चहा मात्र नको. भरितातले दाणे लहानग्यांना अख्खे देऊ नका, घशात अडकतात. कूटच घाला.

आमच्याकडे गिलकं अजून नकोच असतं. मी वाढते, तो बाजूला सारतो, आणि जेवण पुढे चालू राहतं. परवा बाजारात त्यानं स्वतः भरिताचं वांगं निवडलं, फिकट हिरवं, त्याच्या दोन्ही हातांत न मावणारं. घरी येईपर्यंत पिशवीत ठेवू दिलं नाही.