शेजारचा बंगला कितीला गेला?

वडिलांचा बंगला ठेवायचा आणि बहिणीचा वाटा पैशात द्यायचा, असं ठरवून कुणी सल्ल्याला आलं की माझा पहिला प्रश्न असतो: आकडा कुठून आणलात? उत्तर ठरलेलं. 'एजंट म्हणाला', नाहीतर 'समोरचा अडीचला गेला म्हणे'. पोरांनो, या 'म्हणे'वर वाटण्या करू नका. समोरचा कितीला गेला ते सरकारदरबारी लिहिलेलं असतं आणि ते कुणालाही बघता येतं.

नोंदणी व मुद्रांक विभागाच्या संकेतस्थळावर ई-सर्च आहे. तिथे गाव विचारतात ते महसुली गाव, म्हणजे मौजे. पुण्यात कर्वेनगरचा बंगला शोधताना कागदावर मौजे हिंगणे बुद्रुक निघतं, हे माहीत नसलं की माणूस 'काहीच सापडत नाही' म्हणून बंद करतो. मिळकतीचा नंबरही एकदा सिटी सर्व्हेचा, एकदा सर्व्हे नंबर आणि एकदा प्लॉट नंबर घालून बघा. दस्त लिहिणाऱ्याने कुठला घातला असेल सांगता येत नाही. आपला नंबर झाला की आजूबाजूचे घ्या.

हाती येते ती सूची क्रमांक दोन, सगळे तिला इंडेक्स टू म्हणतात. आधी वरचा विलेखाचा प्रकार वाचा. खरेदीखत असेल तर पुढे जा. बक्षीसपत्र, हक्कसोडपत्र, वाटणीपत्र बाजूला ठेवा, त्यातून भाव कळत नाही. एकाच व्यवहाराचा आधी करारनामा आणि वर्षभराने खरेदीखत अशा दोन नोंदी असतात. त्यांना दोन विक्र्या धरू नका. आणि भाव ठरतो करारनाम्याच्या दिवशी, तेव्हा तारीख तिथली घ्या. 2020च्या सप्टेंबर ते डिसेंबरात मुद्रांक शुल्कात तीन टक्के सवलत होती. त्या काळातल्या नोंदी दिसल्या तर सौदा आधीच ठरून दस्त तेवढा तेव्हा उरकला नव्हता ना, हे विचारून घ्या.

आता खरी गंमत. त्या कागदावर दोन आकडे असतात: मोबदला आणि बाजारभाव. हा बाजारभाव म्हणजे सरकारी रेडी रेकनरचा आकडा, बाजारातला नव्हे. मोबदला त्याला अगदी चिकटून, वर दोन-चार हजारांनी असेल तर मी तो भाव मानत नाही, 'निदान इतका तरी' असं समजतो. बाकीचं कुठे गेलं ते तुम्हालाही कळतं. पण खरेदीपाठोपाठ त्याच मिळकतीवर बँकेच्या गहाणाची नोंद, नोटीस ऑफ इंटिमेशन, सापडते का बघा. त्यात कर्जाची रक्कम असते. पंचाहत्तर लाखांवरच्या गृहकर्जात बँक किमतीच्या 75 टक्क्यांपेक्षा जास्त देऊ शकत नाही, असा रिझर्व्ह बँकेचा नियम आहे. म्हणजे कर्ज 1 कोटी 5 लाख असेल तर बँकेने मिळकत किमान 1 कोटी 40 लाखांची धरली. दस्तातला मोबदलाही तेवढाच असेल तर ती नोंद विश्वासाची.

फ्लॅटला दर चौरस फुटाचा भाव लावता येतो, बंगल्याला नाही. बंगल्यात जमीन आणि बांधकाम अशा दोन वेगळ्या वस्तू असतात, आणि एक महाग होत असताना दुसरी झिजत असते. समजा, शेजारचा 280 चौरस मीटरचा प्लॉट, त्यावर 150 मीटरचं वीस वर्षांचं बांधकाम, 1 कोटी 40 लाखांना गेला. पूर्ण रक्कम जमिनीवर भागली तर मीटरला 50 हजार येतात, मग तुमच्या 300 मीटरचे दीड कोटी! हा हिशोब घरोघरी होतो आणि तो चूक आहे. बांधकामाचा खर्च मीटरला 20 हजार धरा, आयुष्य साठ वर्षं, शेवटी दहा टक्के किंमत उरते असं माना. शेजारच्या बांधकामाचे तीस लाखांवरून घसारा जाऊन 21 लाख उरतात. जमिनीचे राहिले 1 कोटी 19 लाख, म्हणजे मीटरला साडेबेचाळीस हजार. तुमची जमीन झाली 1 कोटी साडेसत्तावीस लाख. तुमचं 110 मीटरचं बांधकाम पंचेचाळीस वर्षांचं, त्याचे जेमतेम सात लाख. एकूण एक कोटी पावणेपस्तीस लाखांच्या आतबाहेर. दीड कोटी धरून वाटा दिलात तर जादा धरलेल्या पंधरा लाखांतला तिचा हिस्सा फुकट गेला.

मापं तपासा. सातबाऱ्यावर आर असतात आणि आपण त्यांना सर्रास गुंठे म्हणतो. आर 100 चौरस मीटरचा, गुंठा 101 मीटरच्या थोडा वर. दहाला सव्वाशे चौरस फुटांचा फरक पडतो, आणि तेवढ्यात एक खोली बसते.

रस्त्याची रुंदी टेपने मोजली तरी चालेल, पण मोजा. डिसेंबर 2020पासून पुण्यासह बहुतेक राज्यात एकत्रीकृत विकास नियमावली आली. तिच्यात नऊ मीटरपेक्षा अरुंद रस्त्यावरच्या प्लॉटला टीडीआर, म्हणजे दुसरीकडून विकत आणलेला जादा बांधकामाचा हक्क, चढवता येत नाही. बिल्डरला घर नको असतं, वर किती चढवता येईल तेवढंच हवं असतं. त्यामुळे एकाच आळीतल्या दोन तोंडांच्या प्लॉटना वेगळा भाव मिळू शकतो. त्या तारखेआधीच्या विक्र्या म्हणूनच मी जपून वापरतो.

जुना भाव आजवर आणायला रेडी रेकनरची वाढ लावू नका. 2023-24 आणि 2024-25 मध्ये ते दर वाढलेच नाहीत, बाजार मात्र थांबला नव्हता. त्यापेक्षा तोच बंगला दोनदा विकला गेल्याची नोंद शोधा. मधल्या काळात मजला चढवला नसेल तर चढाचा खरा वेग तिथे दिसतो.

कोपऱ्याचा प्लॉट, वेडावाकडा आकार, समोरचा नाला, हे आपापल्या डोळ्यांनी बघून कमीजास्त करा. त्याला सूत्र नाही.

तीन-चार चांगल्या नोंदी मिळाल्या की एक आकडा सांगू नका, खालचा आणि वरचा असे दोन सांगा. प्रकरण कोर्टात जाणार असेल तर नोंदणीकृत मूल्यांककाचा अहवाल लागेलच. घरातच मिटवायचं असेल तर सही मागण्याआधी सगळ्या इंडेक्स टूंच्या प्रती बहिणीच्या हातात द्या, आणि तिला तिचा हिशोब करू द्या.