सगळे गप्प का बसतात? : पणदऱ्याच्या स्टँडवरचं मानसशास्त्र

एम-थ्रीच्या तासाला सर फळ्यावर लाप्लासचं एक लांबलचक गणित सोडवतात, खडू खाली ठेवतात आणि विचारतात, "समजलं का सगळ्यांना?" साठ जणांचा वर्ग, एकही हात वर होत नाही. तुम्हाला काही समजलेलं नसतं. तुम्ही हळूच डावीकडे बघता, उजवीकडे बघता. सगळे शांत. म्हणजे सगळ्यांना समजलंय, मीच तेवढा ढ, असं ठरवून तुम्हीही शांत बसता. गंमत अशी, की त्याच वेळी उरलेले एकोणसाठ जण तुमच्याकडे बघून अगदी हेच ठरवत असतात!

सामाजिक मानसशास्त्रात याला 'प्लुरलिस्टिक इग्नोरन्स' असं जड नाव आहे. आपण त्याला 'सगळ्यांचा मिळून गैरसमज' म्हणू. आपली स्वतःची शांतता भीतीपोटी आहे हे आपल्याला माहीत असतं, पण दुसऱ्याची शांतता मात्र आपण संमती म्हणून वाचतो. हे गणितापुरतं असतं तर फार बिघडत नव्हतं. फार तर एक विषय राहिला असता. पण हाच प्रकार रस्त्यावर पडलेल्या माणसाभोवती घडतो आणि आपल्या होस्टेलच्या गॅलरीतही घडतो. म्हणून हा लेख.

ऐच्छिक विषयासाठी आमच्या गटाला मॅडमनी काम दिलं होतं : पुस्तकातल्या संकल्पना रोजच्या वागण्यात शोधा आणि आठ मिनिटांची चित्रफीत करा. गटातल्या एकाचं गाव पणदरे. बारामतीहून नीरेकडे जाणाऱ्या रस्त्यावर माळेगाव सोडलं की पुढे हे गाव लागतं. एका अंगाला माळेगाव कारखाना, दुसऱ्या अंगाला सोमेश्वर. त्यामुळे गाळप हंगामात या रस्त्यावर उसानं लादलेले दोन-दोन ट्रॉल्यांचे ट्रॅक्टर आणि टायरगाड्यांची रांग लागलेली असते. माणसांची वर्दळ हवी, कॅमेऱ्याला ऊन हवं आणि दुपारचं जेवण फुकट हवं, या तिन्ही अटी तिथे पूर्ण होत होत्या.

मॅडमची मात्र एक सक्त अट होती. खोटा अपघात करायचा नाही, कुणाला घाबरवायचं नाही आणि चित्रण झाल्यावर ज्याचा चेहरा दिसतो त्याला सगळं सांगून परवानगी घ्यायची. 'प्रँक'च्या नावाखाली जे काही चालतं ते पाहता ही अट सगळ्याच कॉलेजांनी लावावी, असं माझं मत.

पहिला प्रसंग सोपा होता. आमच्यातला एक जण स्टँडजवळच्या झाडाखाली उभा राहून वर बघत बसला. कुणी ढुंकून पाहिलं नाही. मग एकेक करून आम्ही पाच जण तिथे जाऊन वर बघू लागलो. थोड्याच वेळात बाजाराच्या पिशव्या घेतलेले लोकही थांबून वर बघू लागले. एका आजोबांनी विचारलं, "काय रं पोरांनो, मोहोळ हाय का काय?" आम्ही कुणीच उत्तर दिलं नाही. तेवढ्यात मागून दुसरा आवाज आला, "हाय हाय, मोठं हाय, सरका जरा." झाडावर मोहोळ नव्हतं. फांद्या होत्या आणि एक फाटका पतंग.

स्टॅन्ली मिलग्रॅम आणि त्याच्या सहकाऱ्यांनी न्यूयॉर्कच्या फुटपाथवर हाच प्रयोग केला होता, तो १९६९ साली प्रसिद्ध झाला. एकच जण वर बघत उभा असेल तर जाणाऱ्यांपैकी शेकडा ४ जण थांबले. पंधरा जण असतील तर शेकडा ४०. नुसती मान वर करणाऱ्यांचं प्रमाण तर शेकडा ४२ वरून ८६ वर गेलं. यात लोक मूर्ख आहेत असं काही नाही. इतके जण बघतायत त्या अर्थी काहीतरी असणार, हा हिशेब बहुतेक वेळा बरोबरच निघतो. अनोळखी गावात गर्दीचं हॉटेल निवडताना आपण हाच हिशेब करतो. घोटाळा तेव्हा होतो, जेव्हा गर्दीतल्या कुणालाच काही माहीत नसतं आणि प्रत्येक जण शेजाऱ्याच्या तोंडाकडे बघून अंदाज बांधत असतो.

दुसरा प्रसंग आमच्या चित्रफितीचा गाभा. सायकलच्या मागे वाढ्याच्या पेंढ्या बांधलेल्या (घाटावरच्या मंडळींना सांगायला नको, पण मुंबईकरांसाठी : वाढे म्हणजे उसाच्या शेंड्याचा हिरवा पाला, जनावरांची वैरण). दोरी ढिली ठेवायची आणि पेंढ्या रस्त्याच्या कडेला सांडू द्यायच्या. हे आम्ही दोन ठिकाणी केलं. एकदा कालव्याकडेच्या शेतरस्त्यावर, जिथे एकटा-दुकटा माणूस येतो. एकदा स्टँडवर, जिथे भरपूर माणसं उभी असतात. शेतरस्त्यावर जो आला तो थांबला, सायकल धरली आणि वर सुनावलंही, "दोरी अशी बांधत्यात व्हय?" स्टँडवर मात्र सगळे आधी पेंढ्यांकडे, मग एकमेकांकडे बघत राहिले. अखेर चहाच्या गाड्यावरचा माणूस हात पुसत आला, वाकला, आणि त्याच्यामागे एकदम चार-पाच जण वाकले.

मग आम्ही एक बदल केला. पेंढ्या सांडल्याबरोबर आमच्या मित्रानं समोरच्या एकाच माणसाकडे बघून म्हणायचं, "मामा, जरा सायकल धरता का?" मामा लगेच पुढे! गर्दी तीच, जागा तीच.

बिब लाताने आणि जॉन डार्ली या दोघांनी १९६८ साली या विषयावरचे प्रसिद्ध प्रयोग केले. एका खोलीत विद्यार्थी प्रश्नपत्रिका भरत बसलेले असताना भिंतीतल्या फटीतून धूर सोडला. एकटा बसलेला असताना शेकडा ७५ जणांनी बाहेर येऊन सांगितलं. शेजारी दोन माणसं मुद्दाम निर्विकार बसवलेली असताना फक्त शेकडा १० जणांनी! बाकीचे धूर हातानं बाजूला सारत लिहीत राहिले. त्यांच्याच दुसऱ्या प्रयोगात माइकवरून कुणाला तरी झटका आल्याचा आवाज येत होता. ऐकणारे आपणच एकटे आहोत असं वाटलं तेव्हा शेकडा ८५ जण मदतीला धावले. आणखी चार जण ऐकतायत असं वाटलं तेव्हा शेकडा ३१. इथे दोन वेगळ्या गोष्टी काम करतात. एक, धूर गंभीर आहे की नाही हे दुसऱ्याच्या चेहऱ्यावरून ठरवणं. दोन, 'कुणीतरी करेलच' म्हणून जबाबदारीचे तुकडे पडणं. 'मामा, सायकल धरता का' या एका वाक्यानं दोन्ही गोष्टी एकदम सुटतात : काय हवंय तेही कळतं आणि कुणाकडून हवंय तेही.

हे पाठ करून ठेवायला हरकत नाही. हंगामात नीरा रस्त्यावर रात्री रिफ्लेक्टर नसलेल्या ट्रॉलीवर दुचाकी आदळण्याची भीती कायमच असते. अशा वेळी "कुणीतरी ॲम्ब्युलन्स बोलवा" असं ओरडून उपयोग होत नाही, कारण 'कुणीतरी' नावाचा माणूस तिथे नसतो. "तुम्ही, निळा शर्ट, १०८ ला फोन लावा, आणि काका, तुम्ही मागून येणाऱ्या गाड्या थांबवा" असं बोट दाखवून सांगायचं. १०८ ची सेवा महाराष्ट्रात २०१४ पासून आहे. पोलिसांचं झेंगट मागे लागेल ही भीती तर आता धरूच नये. मदत करणाऱ्याला संरक्षण देणाऱ्या मार्गदर्शक सूचना सर्वोच्च न्यायालयाने २०१६ साली बंधनकारक केल्या, आणि २०१९ च्या दुरुस्तीने मोटार वाहन कायद्यात त्यासाठी १३४-अ हे कलमच घातलं.

आता आमच्यातल्या भांडणाविषयी. संकलन करणाऱ्या मित्रानं स्टँडवरचे 'नुसते बघणारे' तेवढे निवडले, खाली करुण बासरी लावली आणि नाव दिलं 'माणुसकी हरवली'. दिसायला झकास. गटातल्या निम्म्यांना आवडलंही. पण मग चहावाल्याचं काय? त्याच्यामागे वाकलेल्या चार-पाच जणांचं काय? ते कात्रीखाली गेले होते. माझं म्हणणं होतं की ही चित्रफीत खोटं सांगते. रात्री एक वाजेपर्यंत वाद झाला आणि शेवटी बासरी काढली.

या विषयाचा इतिहासही असाच आहे. १९६४ साली न्यूयॉर्कमध्ये किटी जेनोव्हीज या तरुणीचा खून झाला. अडतीस जणांनी तो बघितला आणि कुणी हललं नाही, अशी बातमी वर्तमानपत्रात आली, पाठ्यपुस्तकांत गेली आणि तिथेच राहिली. पुढे कळलं की बातमी बरीच फुगवलेली होती. पूर्ण प्रकार बघणारे फारच थोडे होते आणि पोलिसांना फोनही गेले होते. अलीकडे ॲम्स्टरडॅम, लँकेस्टर आणि केपटाउन या शहरांतल्या रस्त्यांवरच्या कॅमेऱ्यांत टिपलेली २१९ भांडणं संशोधकांनी तपासली. दहापैकी नऊ प्रसंगांत कुणी ना कुणी मध्ये पडलं होतं. म्हणजे माणूस बघ्या असतोच असं नाही. पहिला वाकेपर्यंत अडकतो, एवढंच.

मॅडमनी आमच्या निष्कर्षाचीही हवा काढली. शेतरस्त्यावरच्या लोकांनी मदत केली ती एकटे होते म्हणून, की पोरगं गावातलं, ओळखीचं म्हणून? दोन ठिकाणी दोन गोष्टी बदलल्या, मग कारण कोणतं? लॅबमध्ये व्होल्टेज आणि रेझिस्टन्स एकदम बदलून रीडिंग घेतल्यासारखंच हे. त्यामुळे आमची चित्रफीत हे उदाहरण आहे, पुरावा नाही. हे वाक्य आम्ही शेवटच्या पाटीवर लिहिलं आहे.

जाता जाता आणखी एक अभ्यास सांगतो, कारण तो आपल्या लोकांवरचा आहे. दुसऱ्याची चूक दिसली की आपण त्याचा स्वभाव काढतो, परिस्थिती बघत नाही. याला पुस्तकं माणसाची मूलभूत चूक म्हणतात. जोन मिलर या संशोधिकेनं १९८४ साली अमेरिका आणि म्हैसूर इथल्या लोकांची तुलना प्रसिद्ध केली. त्यात मोटरसायकल अपघाताचीच एक हकिगत होती : मागे बसलेला जखमी होतो, चालवणारा वकील त्याला दवाखान्यात पोचवतो आणि कोर्टात निघून जातो, जखमी दगावतो. अमेरिकन लोकांनी 'बेजबाबदार माणूस' असं स्पष्टीकरण दिलं. म्हैसूरच्या लोकांनी विचार केला की त्याला कोर्टात हजर राहणं भाग होतं, तो गोंधळलेला असेल, जखम गंभीर वाटली नसेल. तेव्हा परदेशी पुस्तकातली 'मूलभूत' चूक आपल्याकडे तेवढीच मूलभूत असेलच असं नाही.

आता होस्टेल. चित्रफीत कॉमन रूममध्ये दाखवली, मोहोळावर भरपूर हशा झाला. नंतर मॅडमनी सगळ्यांना कोऱ्या चिठ्ठ्या वाटल्या. विषय होता वाढदिवसाचे 'बम्प्स'. रात्री बाराला दार ठोकायचं, चौघांनी हातपाय धरायचे आणि बाकीच्यांनी लाथा घालायच्या. चिठ्ठीवर नाव न घालता दोनच गोष्टी लिहायच्या : तुम्हाला हे आवडतं का, आणि बाकीच्यांना आवडतं असं वाटतं का? बहुतेक चिठ्ठ्यांवर पहिलं उत्तर 'नाही' आणि दुसरं 'हो' होतं. चिठ्ठ्या वाचून होईपर्यंत खोलीत चिडीचूप. एकावर लिहिलं होतं, "माझ्या वाढदिवसाला मी मुद्दाम घरी जातो." दुसऱ्यावर, "मणक्याला लागलं होतं, घरी जिन्यावरून पडलो म्हणून सांगितलं."

१९९३ साली प्रेंटिस आणि मिलर (हे दुसरे मिलर) यांनी प्रिन्स्टन विद्यापीठातल्या दारू पिण्याबद्दल हेच दाखवलं होतं. प्रत्येकाला वाटत होतं की बाकीचे आपल्यापेक्षा जास्त मजेत आहेत. नको असलेली प्रथा अशी चालू राहते.

सॉलोमन ॲशच्या १९५० च्या दशकातल्या प्रयोगांत सगळी टोळी मुद्दाम चुकीची रेघ बरोबर आहे असं सांगायची. तेव्हा नवख्या माणसाची सुमारे एक तृतीयांश उत्तरं टोळीसारखी चुकायची. पण टोळीत एकच माणूस खरं बोलणारा ठेवला की चुका जवळजवळ पाव हिश्श्यावर यायच्या. एकच माणूस पुरायचा.

चिठ्ठ्यांनंतरच्या आठवड्यात दुसऱ्या मजल्यावर एकाचा वाढदिवस होता. दार ठोकलं गेलं, गर्दी जमली, आणि एरवी सगळ्यात पुढे असणारा फायनल इयरचा एक जण म्हणाला, "लेको, चिठ्ठ्या मी पण वाचल्यात. केक कापा अन् झोपा." केक कापला. तिसऱ्या मजल्यावर मात्र त्याच महिन्यात पुन्हा लाथा पडल्या. तिथली बरीच मंडळी त्या रात्री सबमिशनच्या नावाखाली कॉमन रूमला आलीच नव्हती. या शनिवारी मेस सुटल्यावर चित्रफीत पुन्हा दाखवणार आहोत, या वेळी थेट तिसऱ्या मजल्याच्या गॅलरीत. रेक्टर सरांनी पडद्यासाठी चादर द्यायचं कबूल केलंय. चिठ्ठ्यांचे कागद आम्ही आणतो.