खाऱ्या पाण्याची दोन फुटी टाकी: मासे कोणते, खर्च किती

खाऱ्या पाण्याचे मासे पाहायला दुकानात गेलात की सर्वात आधी डोळ्यात भरतो तो डॅमसेल. निळाशार, चपळ आणि शंभर-दोनशे रुपयांत मिळणारा. लहान टाकीसाठी तोच घेऊ नका.

मी घेतला होता, त्यातलाच दुसऱ्या जातीचा. काळ्या अंगावर तीन पांढरे ठिपके, नखाएवढा. आठवडाभरात त्याने निम्मी टाकी आपली ठरवली. हजार रुपयांचा फायरफिश पंपाच्या मागे दडून राहिला, त्याची शेपटी झालर फाटावी तशी फाटली. खायला घातलं तरी बाहेर येईना. डॅमसेल पकडायला एकेक करत सगळे दगड बाहेर काढावे लागले, तोवर फायरफिश गेला होता.

म्हणून आधी जोड्या ठरवा, मग टाकी. २४ × १८ × १८ इंचाच्या टाकीत साधारण १२० लिटर मावतं. रेती-दगड सोडून खरं पाणी शंभरच्या आसपास. त्यात चारच मासे: क्लाउनची जोडी, एक फायरफिश, एक वॉचमन गोबी. क्लाउन मधल्या पाण्यात, फायरफिश दगडाच्या तोंडाशी, गोबी रेतीवर. जागा वेगळ्या, शरीराची ठेवण वेगळी, म्हणून भांडण कमी. गोबी म्हणजे आपल्या खाडीच्या चिखलात उड्या मारणाऱ्या निवटीचा चुलतभाऊच. क्लाउन जन्मतः नर असतात आणि जोडीतला मोठा मादी होतो, त्यामुळे एक लहान, एक मोठा असे दोन कोवळे घ्या. सारख्या आकाराचे दोन मोठे घेतले तर मारामारी ठरलेली. क्लाउनला ॲनिमोन लागतोच असं नाही. नव्या टाकीत ॲनिमोन बहुधा जगत नाही. सोडताना भित्रा फायरफिश आधी, मग गोबी, क्लाउन शेवटी. फायरफिश उडी मारतो, म्हणून वर जाळी हवीच.

मुलं ‘नीमो’ पाहून निळा टँग मागतात. तो फूटभर वाढतो, त्याला ही टाकी कोंडवाडा आहे. मँडरीन मासा बारीक जिवंत किडे टिपून जगतो. लहान टाकीत ते संपले की उपाशी मरतो.

आता पैसे. बाजारात थोडा फरक पडेल, पण अंदाज असा धरा: काच आणि स्टँड ७ ते १० हजार, फिल्टर, पंप आणि दिवा ६ ते ८ हजार, कोरडे दगड-रेती ३ ते ४ हजार, खारेपणा मोजायचा रिफ्रॅक्टोमीटर आणि टेस्ट किट ३ ते ४ हजार. मासे सगळे मिळून चारेक हजार. म्हणजे एकूण २३ ते ३० हजार.

महिन्याचा खर्च लोक विसरतात. लिटरला ३५ ग्रॅम मीठ लागतं. दर आठवड्याला दहा लिटर पाणी बदललं की महिन्याला दीड किलो, किलोला साडेतीनशे धरले तर पाचशेच्या वर. नवी मुंबईत येणारं मोरबे धरणाचं पाणी प्यायला चांगलं, पण टाकीत नळाचं ओतू नका. आरओचं वापरा आणि घरच्या मशीनला टीडीएस कंट्रोलर असेल तर तो बंद करून घ्या. वाशीच्या खाडीचं पाणी फुकट म्हणून आणणं तर अजिबात नको.

खरा खर्च उन्हाळ्याचा. पाणी २५ ते २७ अंशांवर राहायला हवं, आणि एप्रिल-मेमध्ये बंद घरात ते सहज तिशी ओलांडतं. पंखा लावून थोडं उतरतं, पण आपल्या दमट हवेत फार नाही. पाणी थंड करणारा चिलर १८ ते २५ हजारांचा. तो परवडणार नसेल तर टाकी घेऊच नका, असं माझं स्पष्ट मत आहे. वीज गेल्यावर चालेल असा बॅटरीचा एअर पंपही घरात ठेवा.

खरेदीला जाताना कायदाही लक्षात ठेवा. वन्यजीव संरक्षण कायद्याच्या अनुसूचीत २००१ पासून कठीण प्रवाळ आणि सगळे समुद्रघोडे आहेत. दुकानात कुणी ‘खरा कोरल दगड’ दाखवला तर हात लावू नका. क्लाउन मात्र आता भारतात हॅचरीत पैदा होतो. ऐरोलीच्या किनारी व सागरी जैवविविधता केंद्रातही कांदळवन प्रतिष्ठानाची हॅचरी आहे. हॅचरीतलाच क्लाउन मागा: तो टाकीतल्या पाण्याला आणि कोरड्या खाद्याला सरावलेला असतो.

भरलेली टाकी चार ते सहा आठवडे माशांविना चालू द्या. अमोनिया आणि नायट्राइट शून्यावर आले की दुकान गाठा, आणि पैसे देण्याआधी मासा समोर खाताना दाखवायला सांगा. नाही खाल्लं, तर त्या दिवशी रिकाम्या हाताने परत या.