कमरेएवढा नवा रंग

डिसेंबरातला रविवार, सकाळचे साडेआठ. एजंटने कुलूप काढलं आणि हॉल-किचन काहीही न दाखवता आम्हाला थेट बाल्कनीत नेऊन उभं केलं. समोर पाषाण तलाव. पाण्यावर धुकं, काठच्या गवतात जांभळ्या पाणकोंबड्या आणि मधोमध वारकऱ्यांची दिंडी. (वारकरी म्हणजे काळा, कपाळावर पांढरा टिळा असलेला पाणपक्षी. ज्याने हे नाव ठेवलं त्याला नमस्कार.) नवरा म्हणाला, "पुण्यात असं मिळतं?" त्याच आठवड्यात आम्ही दोन लाखांचं टोकन देऊन टाकलं.

या गोष्टीला बारा-तेरा वर्षं झाली. फ्लॅट रिसेलचा, दुसऱ्या मजल्यावर. टोकननंतर पुन्हा गेलो तेव्हा पार्किंगच्या भिंतींना नवा रंग दिसला, पण फक्त कमरेपर्यंत. वरचा जुनाच. गाड्या घासून भिंती खराब होत असतील, किती टापटिपीची सोसायटी, असं मला वाटलं. विजेचे मीटर इतके उंच बसवलेले, की रीडिंगला स्टूल लागावं. तेही मुलांचा हात पोचू नये म्हणून असेल, असं मीच ठरवलं. गेट उघडताना वॉचमनकाका म्हणाले, "ताई, पावसाळ्यात एक चक्कर मारून जा." मी हसून हो म्हटलं. टोकन दिल्यावर कोण कशाला चक्कर मारतंय!

पहिल्याच पावसाळ्याच्या अखेरीस एका रात्री दोनच्या सुमाराला खाली कुणाच्या तरी गाडीचा हॉर्न वाजायला लागला तो थांबेचना. टॉर्च घेऊन उतरलो, तर जिन्याच्या खालच्या चार पायऱ्या दिसतच नव्हत्या. पाण्यावर चपला तरंगत होत्या, एक प्लास्टिकचं टेबल फिरत होतं, आणि वास विचारू नका, ते काही नुसतं पावसाचं पाणी नव्हतं. लिफ्टच्या खड्ड्यात पाणी, पंपरूममध्ये पाणी, वीज गेलेली. सकाळी पाणी ओसरलं तेव्हा भिंतीवर गाळाची सरळ रेघ उमटली होती. कमरेएवढी. दिवाळीआधी सोसायटीने रंग काढला. तेवढाच.

सोसायटीच्या मागून एक ओढा जातो. एजंटने त्याचा उल्लेख 'नॅचरल वॉटर बॉडी' असा केला होता. तलाव भरला की ओढ्याचं पाणी पुढे सरकत नाही, मागे तुंबतं. जूनमध्ये तलाव रिकामा असतो, जमीन तहानलेली असते, त्यामुळे पहिले पाऊस निभावून जातात. धोका असतो तो शेवटाला. तलाव काठोकाठ, माती पाण्याने फुगलेली, आणि अशात दोन-तीन तास मुसळधार कोसळला की पाण्याला जागाच उरत नाही. पुण्यात आंबिल ओढ्याने थैमान घातलं ती तारीख २५ सप्टेंबर २०१९. नागपूरला अंबाझरी तलाव ओसंडून खालच्या वस्त्यांत शिरला तो २३ सप्टेंबर २०२३ ला. तळ्याकाठचं घर बघायचं तर सप्टेंबरच्या शेवटच्या आठवड्यात, जोराचा पाऊस पडून गेल्यावर दुसऱ्या दिवशी बघा. डिसेंबरात तळं सगळ्यांनाच आवडतं.

कागदांतही हे सापडतं, पण नेमकं मागावं लागतं. नुसता सर्च रिपोर्ट आणि भोगवटा प्रमाणपत्र बघून वकील मोकळा होतो. त्याला पूररेषेचा नकाशा काढायला सांगा. निळी रेषा म्हणजे सरासरी २५ वर्षांतून एकदा येणारा पूर, लाल म्हणजे १०० वर्षांतून एकदा येणारा. '१०० वर्षांतून एकदा' ऐकून आम्ही निर्धास्त झालो होतो. नंतर मुलाने हिशेब करून दाखवला. दर वर्षी एक टक्का शक्यता म्हणजे २० वर्षांच्या गृहकर्जात ती साधारण १८ टक्के होते. निळ्या रेषेचा हिशेब तर निम्म्याच्या वर जातो. हप्ते फिटण्याआधी पूर येण्याचीच शक्यता जास्त.

उन्हाळ्याचं वेगळंच. फेब्रुवारीपासून जलपर्णी पसरते. लांबून बघणाऱ्याला हिरवळ वाटते, जवळ राहणाऱ्याला वास येतो. डासांमुळे संध्याकाळी साडेपाचला बाल्कनीचं दार बंद होतं ते रात्रभर उघडत नाही. ज्या बाल्कनीसाठी चौरस फुटाला जास्त पैसे मोजले, तिथे आता कपडे वाळतात.

आणि सर्वांत मोठी गंमत अशी, की समोर तळं असूनही एप्रिल-मेमध्ये आमच्याकडे टँकर येतात. काठावर बोअर घेतली की पाणी लागणारच, हा समज आपल्या काळ्या कातळात चालत नाही. इथे पाणी खडकाच्या भेगांतून फिरतं. भेग लागली तर लागली, नाहीतर दहा पावलांवर तळं आणि बोअर कोरडी.

म्हणून माझा आग्रह असतो, की सोसायटीचा मागच्या दोन-तीन वर्षांचा जमाखर्च मागा. टँकर, पाणी उपसायचा पंप, धूरफवारणी, लिफ्ट दुरुस्ती, रंगकाम, हे पाच आकडे बाजूला लिहा. सेक्रेटरी द्यायला टाळाटाळ करत असेल तर समजून घ्या. नवीन प्रकल्प असेल तर हा जमाखर्च नसतो, मग निदान रेराचा आधार धरा. करारनामा लिहून त्याची नोंदणी झाल्याशिवाय बिल्डरला किमतीच्या दहा टक्क्यांहून जास्त रक्कम घेता येत नाही. समोर मोकळा प्लॉट असेल तर विकास आराखड्यात तो कशासाठी आहे तेही बघा. आमच्या समोरच्यावर आता अकरा मजली इमारत उभी आहे. तलावाची एक पट्टी उरली आहे, मान तिरकी केली की दिसते.

विकलं का नाही, असं लोक विचारतात. पार्किंग बघून गिऱ्हाईक परत जातं, हे एक. शिवाय डिसेंबरात त्या पट्टीतून वारकरी दिसले की मीही विकायचं बोलणं पुढे ढकलते.

परवा ठाण्याहून भाचीचा व्हिडिओ आला. "मावशी, तलावासमोर टू बीएचके बघितलाय, हा घे बाल्कनीतला व्ह्यू! रविवारी टोकन देतोय." पाणी खरंच सुंदर होतं. मी तिला लिहिलं, "छान आहे. आता खाली जा आणि पार्किंगच्या भिंतींचा फोटो पाठव. वरपासून खालपर्यंत."